सव्वासहाचा चंद्र

हा अनुभव लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. देवाची कृपा सांगताना माणूस आपणही त्यात जरा बरे दिसू अशा बेताने सांगतो. इथे तशी सोयच नाही. जे घडलं त्यात मी खोटं बोललो, तेही माझ्या सासूबाईंशी, आणि ज्या उपासाबद्दल खोटं बोललो तो उपास माझ्याच बायकोच्या जिवासाठी होता.

आम्ही इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला राहतो. मी, मुग्धा आणि आमची दहा वर्षांची ईरा. मला प्रवासाचं वेड आहे आणि त्याहून जास्त प्रवासाच्या आखणीचं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत अमेरिकेतल्या वाळवंटात जायचं मी ठरवलं होतं. भाड्याची गाडी, लाल खडकांच्या खोल दऱ्या, एकापाठोपाठ पाच नॅशनल पार्क. कुठल्या दरीवर ऊन किती वाजता येतं इथपर्यंत सगळं एक्सेलमध्ये मांडून तयार होतं. ऑगस्टमध्ये सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आणि त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसाची तारीख काही केल्या मिळेना. त्यांना आठ दिवस घरी एकटं ठेवायचं मीच एकदा सुचवून पाहिलं. मुग्धाने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटी स्कॉटलंडला जायचं ठरलं. तिथेही नॅशनल पार्क आहेत, दऱ्या आहेत, आणि सगळ्यांना जाता येतं. मी "हो हो, छानच की" म्हणालो आणि पुढचे दोन महिने तोंड फुगवून राहिलो.

सासूबाई बत्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या. बोलणं मोजकं, साडी नीटनेटकी, आणि मला जावई म्हणून इतका मान की मला कधीकधी अवघडल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी मुग्धाच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा व्हिसाच्या घोळात त्यांना येता आलं नव्हतं. त्यांनी पुण्यात बसून नवस बोलला: एकवीस संकष्ट्या, दिवसभर उपास, आणि चंद्र पाहून अर्घ्य दिल्याशिवाय जेवायचं नाही. मधे खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मुग्धाचे रिपोर्ट एकेक करून चांगले येत गेले. स्कॉटलंडच्या मुक्कामात जी संकष्टी येत होती ती एकविसावी होती. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर सांगतोय.

त्यांनी पुण्याहून भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून आणलं होतं. त्यात संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ती वेळ पुण्याची. इथल्या घड्याळात तेवढे वाजले की त्या बागेत जायच्या, आणि इथला चंद्र बऱ्यापैकी वर आलेला असायचा. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मी आणि मुग्धा दोघंही आयटीतले, दिवसभर चार देशांच्या वेळा सांभाळत मीटिंगा लावणारे, पण इथला चंद्र इथल्या वेळेने उगवत असणार हे आमच्याही डोक्यात आलं नाही. कॅलेंडरात त्या दिवशी साडेआठ लिहिलं होतं, म्हणजे साडेआठ.

त्या दिवशी सकाळी भाड्याच्या कॉटेजमध्ये सासूबाई पाचला उठून मोदक करत बसल्या. बेसिंगस्टोकहून आणलेली पिठी, चाळणीवर फडकं घालून वाफवणं. निघायला तासभर उशीर झाला. मी दारात गाडीची किल्ली वाजवत उभा होतो. जी दरी बघायची म्हणून एवढी दोनशे मैलांची वाट वाकडी केली तिथे पोचलो तर धो धो पाऊस, आणि निसरडं झाल्यामुळे पायवाट बंद. परत गाडीत बसल्यावर मी कुणाकडे न बघता म्हणालो, "ठरल्याप्रमाणे गेलो असतो तर आत्ता उन्हात असतो." मग मागच्या सीटवरून हळूच आवाज आला, "माझ्यामुळे तुमचा सगळ्यांचा खोळंबा झाला हो." त्यावर "छे, काहीतरीच काय आई" असं म्हणायला मला किती वेळ लागला असता? मी वायपरचा वेग वाढवला.

संध्याकाळी सातच्या सुमाराला एका तळ्याकाठच्या गावात पबमध्ये जेवायला थांबलो. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. टेबलाशी आलेल्या मुलीने सांगितलं, किचन साडेसातला बंद होतं, त्यानंतर काही मिळणार नाही. पुढे कॉटेजपर्यंत तासाभराचा रस्ता. सासूबाईंना डायबेटिस आहे, दिवसभर दोन केळी आणि चहावर होत्या, पाण्याचा ग्लास धरताना हात किंचित कापत होता. मुग्धा म्हणाली, "आई, प्लीज, आज थोडं आधी खा ना." त्या म्हणाल्या, "शेवटची आहे गं. साडेआठपर्यंत थांबते. तुम्ही जेवा निवांत."

तेव्हा मी म्हणालो, "अहो आई, इथला चंद्रोदय सव्वासहालाच झाला. मी मघाशी ॲपवर पाहिलं. ढगांमागे आहे. द्या अर्घ्य आणि जेवून घ्या."

मी कसलंही ॲप पाहिलं नव्हतं. सव्वासहा हा आकडा तोंडाला आला तो फेकला. त्यांच्या हाताला कंप होता म्हणून खोटं बोललो असं मी मुग्धाला नंतर सांगू शकलो असतो, आणि तिला ते पटलंही असतं. पण खरं कारण तेवढं चांगलं नव्हतं. मला भूक लागली होती, दिवस वाया गेल्याचा राग होता, आणि आता आणखी दीड तास या बाईंच्या कॅलेंडरसाठी थांबायचं माझ्या जिवावर आलं होतं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग "बरं झालं सांगितलंत" म्हणाल्या आणि उठल्या. पिशवीतून मोदकांचा डबा आणि छोटी वाटी काढली. खिडकीपाशी जाऊन काचेपलीकडच्या काळोख्या आभाळाकडे तोंड करून डोळे मिटले, पुटपुटत ग्लासातलं पाणी पळीभर वाटीत सोडलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी मेन्यूत डोकं घातलं. आपली माणसं आहेत हे लपवायचा प्रयत्न करत होतो, दुसरं काय.

शेकोटीजवळ कुत्रा घेऊन एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या उठून सासूबाईंजवळ गेल्या आणि काय करताय म्हणून आपुलकीने विचारलं. सासूबाईंनी जपून जुळवलेल्या इंग्रजीत सांगितलं, "आय प्रे टू मून. फॉर माय डॉटर." त्यावर बाई हसल्या. "ओह, डियर, मग तुम्ही चुकीच्या खिडकीशी उभ्या आहात. तो मागच्या बाजूला आहे, तळ्यावर. सव्वासहाला मी कोंबड्या कोंडत होते तेव्हाच वर येत होता. चला, दाखवते."

मी खुर्चीत बसल्या जागी थिजलो. मुग्धा आणि ईरा त्यांच्यामागे धावल्या. शेवटी मीही गेलो. मागच्या अंगणात पाऊस थांबला होता, पश्चिमेला ढग तसेच होते, पण तळ्याच्या बाजूचं आभाळ मोकळं झालं होतं आणि डोंगराच्या बरंच वर चंद्र होता. "आजी, तुझा मून आला!" ईरा ओरडली. सासूबाईंनी पुन्हा वाटीत पाणी सोडलं, मोदकाचा नैवेद्य दाखवला आणि पहिला मोदक त्या म्हाताऱ्या बाईंच्या हातावर ठेवला. मुग्धा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मला त्यांच्याजवळ जायचं धाडस झालं नाही.

कॉटेजवर आल्यावर मी वेळ तपासली. त्या ठिकाणचा चंद्रोदय माझ्या तोंडून गेलेल्या वेळेच्या दोन मिनिटं अलीकडे होता. उत्तरेकडे ऑक्टोबरात चंद्र लवकर उगवतो, त्याला कारणं आहेत, ती मी वाचली. मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की एका आईचा एकवीस महिन्यांचा उपास मी एका खोट्याने मोडायला निघालो होतो आणि तो मोडला नाही, यात माझी काडीचीही करणी नव्हती.

परतीच्या वाटेवर हायवेवरच्या एका सर्व्हिसेसला चहापाण्यासाठी थांबलो. मुग्धा ईराला घेऊन आत गेली, आम्ही दोघं गाडीत. मी म्हणालो, "आई, मी त्या दिवशी ॲप पाहिलं नव्हतं. खोटं बोललो."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणारी तोंडं मी बत्तीस वर्षं बघितलीत."

"मग तुम्ही अर्घ्य का दिलंत?"

"ते अर्घ्य चंद्राला नव्हतंच हो. मी बाप्पाला म्हटलं, माझा उपास मोडला तर मोडू दे, मी परत एकवीस करीन. पण माझ्या लेकीसमोर, नातीसमोर जावई खोटे पडायला नकोत. त्यांचा शब्द तू सांभाळ." मग त्यांनी पदर नीट केला. "आणि खरं सांगू? हे म्हणताना माझ्या लक्षात आलं, की वीस महिने मी नुसतं मुग्धाचंच मागत होते. तिच्या उशाशी रात्री तुम्ही जागलात, तिला न्हाऊमाखू तुम्ही घातलंत, आणि मी एकदाही तुमचं नाव घेतलं नव्हतं. मलाच लाज वाटली."

मी स्टीअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, जावयाच्या पाठीवरून सासू सहसा फिरवत नाही तसा.

मी मोठा भक्त नाही. पण इतकं समजलंय, की आपण रागाने, हट्टाने वाटा आखत राहतो तेव्हा कुणीतरी मागच्या सीटवर गप्प बसून आपल्यासाठी मागत असतं, आणि आपण त्या लायकीचे नसतानाही ते ऐकलं जातं. त्या देणाऱ्याचा आणि त्या मागणारीचा मी ऋणी आहे. आता देवापुढे उभा राहिलो की माझ्याकडून काही मागवत नाही. मान खाली घालून उभा राहतो, आणि एक नाव घेतो, ते सासूबाईंचं.