कच्चा रोडगा आणि चयापचय

रोडगा फोडला तर आत पांढरं पीठ. बोटांना चिकटलं.

"सर, हा कच्चा आहे," मी म्हटलं.

समोरच्या रांगेत आमचे विभागप्रमुख भाजीवर तूप ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "खाय वो. तुमच्या लोकायचं चयापचयच दणकट असते. दगडबी पचते तुमाले."

अख्खी पंगत हसली. प्राणिशास्त्राचा सगळा विभाग. चयापचय म्हणजे काय हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील अशी माणसं. ती हसली.

दर हिवाळ्यात वांगी निघाली की सर बडनेऱ्याजवळच्या आपल्या शेतात आम्हाला रोडगे खायला बोलावतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, तुपात चुरायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. यंदा गोवऱ्या ओल्या निघाल्या. विस्तव नुसता धुमसत राहिला. काही रोडगे वरून करपले, आतून तसेच. सरांच्या बायकोने एकेक दाबून पाहिला आणि कच्चे वाटले ते वेगळ्या टोपल्यात टाकले. "हे कोनाले वाढू नका वो, पोटं दुखतीन," असं स्वतःच सगळ्यांना बजावलं. मी तिथेच बसून कांदे कापत होते.

मग पंगत बसली. बाई स्वतः वाढायला आल्या. माझ्या शेजारणीपर्यंत चांगले रोडगे आले. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी ते टोपलं खाली ठेवलं आणि मागे जाऊन कच्च्यांच्या टोपल्यातला रोडगा आणला. त्यांनी हे ठरवून केलं असं मला वाटत नाही. ठरवावंच लागलं नाही त्यांना, हात आपसूक तिकडे गेला. तेच जास्त लागलं.

पण बाईंचं सोडा. दगा सरांनी दिला.

मी हिवरखेडची. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. अमरावतीला शिकायला आले तेव्हा मेसमधल्या मुली माझ्यापासून ताट सरकवून घ्यायच्या. त्या पहिल्याच वर्षी सरांनी चयापचय हा शब्द फळ्यावर लिहिला. चय म्हणजे जोडणं, अपचय म्हणजे मोडणं. खाल्लेला घास मोडून ताकद काढायची आणि त्या ताकदीवर शरीर पुन्हा बांधायचं, दोन्ही मिळून चयापचय. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "राजा खावो का मजूर, पेशी एकच काम करते. पेशीले आडनाव नसते."

मला रडू आलं होतं. जगात एक तरी विषय आहे जिथे मला कोणी जात विचारणार नाही, असं पहिल्यांदा वाटलं. त्या एका वाक्याच्या जोरावर मी एम.एस्सी. झाले, त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. माय म्हणायची, "तुया सराले देव मान." मानलं. दसऱ्याला सोनं द्यायला मी आधी त्यांच्या घरी जायची.

आणि आता तोच माणूस. तोच शब्द.

मी उठले. पंगत ओलांडून गेले आणि तो रोडगा त्यांच्या ताटात ठेवला.

"तुमी खा, सर. तुमाले पचला तर मीबी खाईन."

आता कोणी हसलं नाही. सरांचा चेहरा उतरला. "अवो, गंमत केली. घरातली समजून बोललो."

"घरच्यायले कच्चं वाढते का कोनी?"

मी हात धुतले आणि उपाशीच बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, खोटं कशाला सांगू? ते रोडग्यासाठी नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या पाया पडले, त्याने मला माणसांत कधी धरलंच नव्हतं.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लोटलं. हळू आवाजात म्हणाले, "मनावर नको घेऊ. पन पुढच्या सत्राचे तास मलेच ठरवा लागते. जुळवून घ्या लागते वो."

मी म्हटलं, "पंगतीत तुमी मोठ्यानं बोलले. माफीबी तशीच मोठ्यानं मांगा, सगळ्यायसमोर."

ते कागद चाळत बसले. मी बाहेर पडले.

त्या दिवसापासून चयापचय शिकवताना मी दोन गोष्टी शिकवते. शब्दाचा अर्थ शिकवते. आणि एका शिकलेल्या माणसाने तो शब्द कोणाला कच्चं पीठ खाऊ घालायला वापरला, तेही सांगते. नाव घेऊन सांगते. त्यांची केबिन माझ्या वर्गाला लागूनच आहे, भिंतीपलीकडे ऐकू जातं. मी आवाज कमी करत नाही. माझ्या वर्गातल्या पोरींनी कोणाला देव मानू नये. विज्ञानाच्या नावाने कोणी त्यांना हलकं म्हटलं, तर त्यांनी तिथेच, त्याच पंगतीत, उभं राहून जाब विचारावा.

पुढच्या सत्रात माझे तास जातील. जाऊ देत. गप्प बसून मिळालेला एकही तास मला नको.