मिरच्यांचा धूर

मुलांनो, काल अनया फोनवर म्हणाली, "आजी, जेवण गवतासारखं लागतं," म्हणून आजच लिहिते. तुमचे आजोबा गेल्यावर माझंही तसंच झालं होतं. शेजारच्या सुमनताईंनी माझी दृष्ट काढून मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. खोली धुरानं भरली. त्या खोकून बेजार झाल्या. मला ना ठसका लागला, ना वास आला. डोळे पुसत त्या हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आहात ना इथे?" मलाही खात्री देता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याच मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मग गोळ्या, सकाळचं चालणं, भूक नसली तरी वेळेवर वरणभात, असे कित्येक महिने गेले. अनया, तूही डॉक्टरांकडे जा. अजून एखाद्या दुपारी मला माझंच घर परकं वाटतं. पण भूक परत आली, आणि ती टिकून आहे.