देवीला बोललेले बिल्ले

माघ सरत आला की मोहोराचा वास उतरणीवरच्या कलमांतून निघतो आणि सकाळच्या दवाबरोबर थेट आमच्या पडवीत येऊन बसतो. तुरट, मधाळ, थोडासा डोकं जड करणारा. कातळावरचं गवत तोवर वाळून सोनेरी झालेलं असतं, काजूच्या बोंडांना रंग चढू लागलेला असतो आणि वाडीतल्या घराघरांत शिमग्याचं बोलणं सुरू झालेलं असतं. मुंबईहून कोण कोण येणार, ग्रामदेवीची पालखी यंदा कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात बसणार. माझी आई मात्र नेमकी याच दिवसांत गप्प गप्प होत जायची. लहानपणी मला वाटायचं, तिला हा वास सोसत नसावा.

खरं कारण तिच्या डोक्यावरचा नवस. बाबा पलटणीत होते. लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती तोच लढाईचं बोलावणं आलं आणि ते पश्चिम आघाडीवर गेले. त्या वर्षी शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा माझ्या अठरा वर्षांच्या आईने, कुणालाही न विचारता, देवीपुढे पदर पसरला: माणूस सुखरूप घरी येऊ दे, त्याच्या छातीवर सरकार जे बिल्ले लावील ते तुला वाहीन. पदक हा शब्द तिला ठाऊक नव्हता, अजूनही ती बिल्लेच म्हणते. देवीने आपलं काम चोख केलं. बाबा पायात छर्ऱ्याचा तुकडा घेऊन का होईना, परत आले. पलटणीने त्यांना मोकळं केलं, थोड्याच महिन्यांत ते मुंबईला एका कारखान्यात लागले. बिल्ले मात्र आले नाहीत. त्यांच्या सुटकेच्या पुस्तकात पदकांच्या रकान्यात एक आडवी रेघ होती, बस्स.

या रेघेवरून आमच्या घरात आयुष्यभर एक मुका तंटा चालला. आई दर शिमग्याला विचारायची, बाबा दर शिमग्याला हसायचे. ‘सरकारनं मला दिलंच नाय, तर मी तुझ्या देवीला काय देऊ?’ असं म्हणून ते पालखी नाचवायला निघून जायचे, तो आखूड पडणारा पाय घेऊन. मी रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे मला शहाणपणा सुचायचाच. मी म्हणायचे, आई, चांदीचं फूल वाहू या, नाहीतर नवी साडी देऊ या देवीला, समजून घेईल ती. आई माझ्याकडे अशी बघायची की मी जणू उष्टा नारळ वाढवायला निघाले होते. बोललेलं तेच द्यायचं असतं, एवढंच तिचं शास्त्र. घरात कुणी आजारी पडलं, म्हैस आटली, माझा धाकटा भाऊ तान्हा असताना गेला, की ती कुणाला दोष न देता नुसती देव्हाऱ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याचा मला लहानपणापासून राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

दोन पावसाळ्यांपूर्वी बाबा गेले. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि एका संध्याकाळी मागीलदारी आमसुलं वाळत घालता घालता आई म्हणाली, ‘बाय गो, त्ये तर सुटले. पण ह्यो नवस डोक्यावर घेऊन मी वर कशी जाऊ?’ स्वर अगदी साधा होता, मीठ संपलंय म्हणावं तसा.  तोपर्यंत हा विषय मला भाबडेपणाचा वाटत होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा उमगलं की ही बाई मरणाला भीत नाही, देणेकरी होऊन मरायला भिते आहे.

मग मी उठले. रत्नागिरीत माजी सैनिकांचं कार्यालय आहे, तिथे एक निवृत्त सुभेदार बसतात. ताठ पाठीचे, मिशीला टोक असलेले आणि बोलताना निम्मी वाक्यं हिंदीत करणारे. त्यांनी बाबांचं पुस्तक चाळलं, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘मॅडम, ये तो होना ही था. लढाईची पदकं जाहीर झाली नंतर, साहेब सुटले आधी. पुस्तकात कशी चढणार? आघाडीवर होते ना? मग दोन तरी निघतात. अर्ज करू, रेकॉर्ड दुरुस्त होईल.’ अहो, इतकं सोपं? आयुष्यभराचा घरचा तंटा या माणसाने चहा गार व्हायच्या आत सोडवला होता! अर्थात सोपं काहीच नव्हतं. मृत्यूचा दाखला, आईचा विवाहाचा दाखला (जो कुठेच नव्हता), सरपंचाचं पत्र, आईचे अंगठे. पलटणीच्या अभिलेख कार्यालयातून एक उत्तर यायला आंब्याचा एक अख्खा हंगाम गेला. मी कॉलेज सुटलं की रिक्षा करून जायचे, सुभेदार मान हलवायचे, मी मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन खारा वारा खाऊन घरी यायचे. चिडचिड पुष्कळ व्हायची, पण खोटं कशाला सांगू, त्या फेऱ्यांत बाबा माझ्याबरोबर असल्यासारखे वाटायचे.

भाद्रपदातल्या एका स्वच्छ दुपारी सुभेदारांचा फोन आला. रेकॉर्ड दुरुस्त झालं होतं, दोन्ही पदकं बाबांच्या नावावर चढली होती, आता ती आईच्या पत्त्यावर येतील. मी आनंदाने काहीतरी बोलणार तोच ते जरा घुटमळले. ‘एक गोष्ट आहे मॅडम. ही पदकं जाहीर झाली तेव्हाच पाठवली होती. टपालाने, गावच्या पत्त्यावर. परत गेली. इस नाम का कोई आदमी नहीं, असा शेरा मारून.’

हे आईला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी न राहवून सांगितलं. ती भाताच्या लोंब्यांवरची पाखरं हाकत बांधावर बसली होती. ऐकून तिने हातातली काठी खाली ठेवली, आणि मग हळूहळू, एखादं जुनं लुगडं घडी घडीने उलगडावं तसं तिने सांगितलं. बाबा मुंबईला कारखान्यात; सासूबाई, दीर, जावा, सगळी लावणीला गेली होती. ती एकटी घरात. नवा पोस्टमन आला, देशावरचा, हातात लहानसं पार्सल. त्याने वाडीभर विचारलं होतं, पण कागदावरचं नाव कुणाला ओळखीचं वाटेना, कारण बाबांना सगळा गाव बाबल म्हणायचा. पोस्टमनने आईला विचारलं, ‘बाई, हे इथंच राहतात का? घरधन्याचं नाव काय?’ आता तेव्हाच्या सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय! नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं तिला शिकवलेलं. आणि हा माणूस तर नुकता मरणाच्या दारातून परत आलेला. ती गप्प राहिली. पदर दातात धरून दाराआड झाली. पोस्टमन दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा तेच विचारलं, ती पुन्हा दाराआड. मग तो दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून गेला, तो परत आला नाही. लावणीला गेलेली घरची माणसं सोडली, तर अख्ख्या वाडीत बाबांचं खरं नाव पक्कं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, आणि ते तोंड उघडत नव्हतं.

‘मला काय म्हाईत गो, त्यात बिल्ले व्हते?’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, कंपनीचं कायतरी कागद.’ ती रडली नाही. पुढे कितीतरी वेळ पाखरं निवांत लोंब्या टिपत होती आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो. मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी तिचा हात हातात घेतला, जे आमच्या घरात कुणी कधी करत नाही.

पदकं कार्तिकात आली. एक तारा, एक गोल, रंगीत फितींसकट. कडेला बारीक अक्षरांत बाबांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. आईला वाचता येत नाही. तिने ती कड अंगठ्याने चाचपली, मग पदकं स्वच्छ फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवली. माझा जीव मात्र त्यांत गुंतला होता. दीड वर्ष मी पळाले, बाबांच्या फोटोखाली ती काचेत शोभून दिसली असती, आणि ती पालखीच्या दांडीला बांधायची? मी एकदा तोंड उघडलंही. आई म्हणाली, ‘ती आपली नायत. आपल्याकडं नुसती उतरलीत.’  मला आतून पटलं नव्हतं, हे आजही कबूल करते.

फाल्गुनात पालखी आली. ढोल-ताशांच्या खालू बाजाचा तो खोल, छातीत वाजणारा ठेका वळणावरून जवळ आला, अंगणात गुलाल उडाला, देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, उन्हात लखलखली आणि पालखी आमच्या दारात स्थिरावली. आईने ओटी भरली. मग फडकं सोडून ती दोन पदकं पुढे केली. बघ्यांत कुजबूज झाली, कारण बाबलला लढाईचे बिल्ले होते हे कुणाच्या गावीही नव्हतं. मानकरी गाऱ्हाणं, म्हणजे आमच्या वतीने देवीला साकडं, घालायला पुढे झाले. बाबांच्या मांडीवर खेळलेला माणूस हा, पण रीत ती रीत. देवीपुढे त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘नवस कुणाच्या नावाचा?’

उत्तर मी द्यायचं असं आमचं ठरलं होतं. मी श्वास घेतला, तेवढ्यात आईने माझ्या दंडावर हात ठेवून मला मागे सारलं. पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावरची ती बाई, डोक्यावरचा पदर सावरत, सबंध गावासमोर स्पष्ट म्हणाली, ‘दत्ताराम.’

बाजा थांबलेला होता. सासरी आल्यापासून तिच्या तोंडून ते नाव कुणीच ऐकलं नव्हतं, मीही नाही. मानकऱ्यांनी हात जोडले, ते गाऱ्हाण्याला सुरुवात करणार, तर आईचं बोलणं संपलेलं नव्हतं. ती पालखीकडे बघतच नव्हती. वाडीतून वर येणाऱ्या पाखाडीकडे बघत, जरा मोठ्याने, कुणी लांब निघून चाललेल्याला हाक घालावी तशी ती म्हणाली:

‘व्हय, हितंच ऱ्हातात. ह्येच घर.’