सातांखालची आठ पिसं

ओहायोतल्या नाणेमंडळाच्या गेल्या सभेत डेल्बर्टने छातीठोकपणे सांगितलं होतं, की त्याच्या १८७८च्या चांदीच्या डॉलरवर गरुडाच्या शेपटीच्या सात पिसांखालून साच्यात आधी कोरलेल्या आठ पिसांची टोकं डोकावतात. आजच्या सभेत म्हातारा ऑर्विल भिंग लावून ते तपासत होता. खोटं ठरलं तर मंडळात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"किती टोकं दिसली तुला?" ऑर्विलने विचारलं.

"पाच. कधीकधी चार."

"कधीकधी? गरुड पिसं झाडतो की काय रे?"

सगळे हसले. ऑर्विलने दिवा डावीकडून उजवीकडे नेला, पुन्हा परत आणला.

"दोन तर तुझ्या दिव्याच्या सावल्या," तो म्हणाला. "उरलेली तीन खरी."

डेल्बर्टने नाण्याच्या पाकिटावर आधी लिहून ठेवलेला पाच खोडला आणि शेजारी तीन लिहिला.