उखाण्यातलं नाव

नव्वदच्या दशकात आईला मेंदूचा टीबी झाला आणि औषधांनी तो बराही झाला, पण मधूनच काही विसरणं मागे राहिलं. तिच्या कष्टांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो, म्हणून पहिल्या पगारातून तिला साडी घेतली. ती नेसून आई आमच्याच शहरातल्या द्वारका चौकाजवळ ओळखीच्यांकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली. तिला न्यायला मी गेलो, तेव्हा बायका उखाण्याचा आग्रह करत होत्या. आईने ओळ सुरेख म्हटली आणि वडिलांच्या नावापाशी थांबली.

“काकू, नव्या नवरीसारखं काय लाजता!”

सगळ्या हसल्या. आईही हसली, पण तिची नजर दारात माझ्याकडे लागली होती.

परतताना तिने हळूच विचारलं, “काय रे नाव त्यांचं?”

मी सांगितलं. घरापर्यंत ती ते पुटपुटत राहिली. तोवर उखाण्याबाहेर तिने ते नाव कधीच उच्चारलं नव्हतं.