काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं

ऑफिसची नवी, माऊसवर चालणारी सिस्टीम सकाळी बंद पडली. ऑफिसच्या जुन्या मोठ्या संगणकाशी, मेनफ्रेमशी, थेट जोडून देणारं, नुसत्या अक्षरांचं टर्मिनल-सॉफ्टवेअर मी इंटरनेटवर शोधत बसलो. दुपारी एक सापडलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि सावंत मॅडमची बोटं आठवली.

आमच्या ऑफिसात अशाच पडद्यावर त्यांनी अख्खी नोकरी केली, कीबोर्डकडे न बघता, शेजारणीशी भाजीबद्दल बोलत. नवी सिस्टीम आली तेव्हा तो काढून त्यांच्या हाती माऊस दिला तो मीच. बाण भलतीकडेच जायचा. "मॅडम, माझी पाच वर्षांची मुलगी चालवते हो," मी सगळ्यांदेखत म्हणालो. त्या हसल्या. दोन महिन्यांनी मुदतीआधीच निवृत्त झाल्या.

यंत्र बदलताना आपण माणसाच्या बोटांतलं कसबही भंगारात काढतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आज मी चुकीच्या जागी टाइप केलं आणि कीबोर्ड अडकला. एक अक्षर उमटेना. शेवटी त्यांनाच फोन लावला.

"आधी रिसेट दाब, मग टॅब," त्या म्हणाल्या. "आणि घाबरू नकोस रे, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं."