मेल्या का गं?

पायातली चप्पल काढायच्या आधीच कुंदाताई प्रयोगशाळेच्या दारातून विचारायच्या, "मेल्या का गं?" आणि कोपऱ्यात बाटल्या धुणारा आमचा दिनकर दचकून उभा राहायचा, "आलो मॅडम!" त्याला वाटायचं, हाक त्यालाच. "तू नाय रे मेल्या, पेशी!" असं म्हणून त्या हसायच्या, म्हणजे बिचाऱ्याला शिवी मिळायचीच. एवढ्या मायेची शिवी मला मात्र कधी मिळाली नाही, याचा थोडा रागही यायचा.

खारघरच्या त्या इमारतीत आम्ही औषधी वनस्पतींचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघायचो. अर्क घालायचा, वाट बघायची, मग एक पिवळं द्रावण टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. मेल्या असतील तर पिवळं ते पिवळंच. ती वाट बघण्याची वेळ मला फार आवडे. खिडकीबाहेर डोंगरावर ढग उतरलेले, खोलीभर ओल्या पाल्याचा वास, आणि ताई सूक्ष्मदर्शकावर वाकून काहीतरी गुणगुणतायत. बाई इथे आहेत की उरणच्या आपल्या खाडीत, कळायचं नाही.

कॅन्सरच्या पेशींशेजारी निरोगी पेशींचीही एक प्लेट असायची. तिला त्या 'आपली मान्सं' म्हणायच्या. "चोर मारला नि घर पन जाळला, त्याला काय औषध म्हनायचा?"

मग मारांडी आली. खाडीकाठची, काटेरी पानांची, निळ्या फुलांची. पाला आणून द्यायची ताईंची धाकटी बहीण, बेबी. कॅन्सर तिलाच झाला होता. डॉक्टर म्हणत होते उपचार लगेच सुरू करा, आणि ही बया हटून बसलेली. "तुमचा रंग बघून ठरवीन. आपल्या खाडीचा पाला असताना सुया कशाला गो?" बोटांना काटे टोचलेले, पण चेहऱ्यावर अशी खात्री, की मलाही खरं वाटायला लागलं. खोटं कशाला सांगू, मला झोपेतसुद्धा निळी फुलं दिसायची.

निकालाच्या दिवशी बेबी बाहेर बाकावर बसून होती. मी कॅन्सरची प्लेट काढली. पिवळीधमक! "ताई, मेल्या! सगळ्या मेल्या!" मी ओरडलेच. दिनकर टाळ्या वाजवायला लागला. ताई हसल्या नाहीत.

"आपली मान्सं दाखव."

दुसरी प्लेट काढली. तीही पिवळी. अर्क आम्ही कुठे कमी, कुठे जास्त टाकला होता, पण अगदी थोडा टाकला तिथेही कॅन्सरच्या पेशींबरोबर याही मेल्या होत्या. "आज नको सांगू या ना तिला," मी म्हटलं.

दोन्ही प्लेटी घेऊन ताई दारात गेल्या आणि बेबीला जवळ बोलावलं. "बघ बेबी. हा तुझा कॅन्सर. मेला. नि ही तू."

बेबी बघत राहिली. "दोन्ही सारखाच रंग हाय गो."

"हां. उद्या हॉस्पिटलला जाऊ. मी येते संगती."

बेबी रडली, ताईंना नाही नाही ते बोलली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने गेली. त्या उपचारांनी तिला लेकीचं लग्न बघायला मिळालं. पुढची होळी नाही मिळाली.

दिवसकार्य उरकून कामावर आल्या तेव्हा ताई चप्पल हातात घेऊन दारातच थांबल्या आणि हळू आवाजात विचारलं, "जगल्या का गं?" दिनकर उठला नाही. मला तर रडूच आवरेना.

आता त्या निवृत्त होऊन उरणला असतात. सकाळी फोन येतो. बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही. "जगल्या का?" बहुतेक वेळा मी नाही म्हणते. "मंग दुसरा पाला बघ." फोन बंद.

परवा एका अर्काची कॅन्सरची प्लेट पिवळी निघाली, आणि शेजारची जांभळी, पिकल्या जांभळासारखी. एकदा दिसलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे त्यांनीच शिकवलंय. तरी सकाळी त्यांचा फोन वाजला, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं.

"जगल्या, ताई. आपली माणसं जगली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"परत करून बघ, मेले," ताई म्हणाल्या.